बाळाची वाटी आणि आमचे कर्तव्य

गाजरास आमच्या भाषेने फारशी प्रतिष्ठा दिलेली नाही. गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली, अशी म्हण आमच्या घराघरांत ऐकू येते. ज्या वस्तूच्या नफ्यातोट्याची कोणी फिकीर करू नये, अशा वस्तूचे उदाहरण शोधावयास निघालेल्या आमच्या वाडवडिलांस गाजराहून सोयीची वस्तू सापडली नाही, असे दिसते. एकंदर भाजीपाल्याची गोष्टही याहून निराळी नाही. भात, भाकरी, पोळी आणि वरण यांस आम्ही जेवण म्हणतो. भाजी ही तोंडी लावण्यापुरती. मोठ्यांच्या ताटात तिला निदान तेवढी तरी जागा आहे. वर्षा-सव्वा वर्षाच्या मुलाच्या वाटीत तीही बहुधा नसते. राजकारण आणि बाजारभाव सोडून हे पत्र आज बाळाच्या वाटीत कोठे शिरले, असे आमच्या काही वाचकांस वाटेल. परंतु या वाटीचा विचार केल्यावाचून राष्ट्राच्या बळाविषयी बोलणे व्यर्थ आहे, अशी आमची खात्री झाली असल्यामुळेच आम्ही हा विषय हाती घेत आहो.

प्रथम आमच्या परंपरेस तिचे न्याय्य श्रेय देऊ. गृह्यसूत्रकारांनी अन्नप्राशनाचा संस्कार सहाव्या महिन्यात सांगितला आहे, आणि आमच्या बायका ज्यास उष्टावण म्हणतात तो हाच. आज जागतिक आरोग्य संघटनेचेही सांगणे असे आहे की, पहिले सहा महिने मुलास केवळ आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा वर देऊ नये. सहा महिने पुरे होताच वरचे अन्न सुरू करावे आणि त्याबरोबर आईचे दूध दोन वर्षे व पुढेही चालू ठेवावे. इतक्या अंतरावरच्या दोन साक्षीदारांची जबानी इतकी जुळावी, ही सामान्य गोष्ट नव्हे. पुढे मात्र रूढीने घोटाळा केला. मुलाचे उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात करावे, असा भेद अनेक घरांत पाळतात. मुलीच्या पोटास निराळे पंचांग लागत नाही. दोघांचाही काल सहा महिने पुरे झाले की आला. दुसरा घोटाळा याहून मोठा आहे. समारंभाच्या दिवशी चांदीच्या वाटीतून खीर चाटविली जाते, आप्तइष्ट जमतात, छायाचित्रे निघतात. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या मुलाच्या वाट्यास काय येते? भाताची पातळ पेज, वरणाचे वरचे पाणी आणि चहात बुडविलेले बिस्कीट. संस्कार झाला, पण अन्न सुरू झाले नाही.

हे आम्ही पदरचे बोलत नाही. २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी झाली. सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंतच्या मुलांपैकी पुरेसा आहार किती जणांस मिळतो, हे त्या पाहणीत तपासले आहे. कसोटी काही राजेशाही नव्हती: दिवसातून वयानुरूप ठरलेल्या वेळा खाणे मिळावे आणि त्यात धान्य, डाळ, दूध, भाजी, फळ, अंडे किंवा मांसमासळी अशा वर्गांपैकी निदान चार वर्ग यावेत, एवढीच. साऱ्या हिंदुस्थानात या कसोटीस शेकडा ११.३ मुले उतरली. महाराष्ट्रात तर हा आकडा दहाच्याही खाली राहिला. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत रक्तक्षयाचे प्रमाण महाराष्ट्रात २०१५-१६ च्या फेरीत शेकडा ५३.८ होते, ते या फेरीत शेकडा ६८.९ झाले. वयाच्या मानाने खुजी राहिलेली मुले शेकडा ३५.२ आणि उंचीच्या मानाने रोडावलेली शेकडा २५.६. गिरण्या, बंदरे, साखर कारखाने आणि पेढ्या यांच्या संपत्तीचा ज्या राज्यास अभिमान आहे, त्या राज्याचा हा ताळेबंद आहे. कोणत्याही दुकानदाराने आपल्या वहीत असा तोटा एकदा पाहिला, तर त्यास रात्रभर झोप येणार नाही.

आता, या सर्व दुखण्याचे कारण एकटी भाजी नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. रक्तक्षयास लोहाची उणीव, जंत, वरचेवरचे ताप, आईचा स्वतःचा रक्तक्षय अशी अनेक कारणे आहेत. पालेभाजीतील लोह अंगी लागणे कठीण असते; लिंबाच्या रसासारखा आंबट पदार्थ जोडीस असला म्हणजे ते अधिक लागते. डाळ, अंडे, ज्यांच्या घरी चालते त्यांनी मासळी, आणि आरोग्य खात्याकडून मिळणारे लोहाचे औषध यांची जागा भाजी घेऊ शकत नाही. परंतु चार वर्गांची कसोटी आमची मुले ज्या ठिकाणी हरतात, तेथे पाहिले तर धान्य असते, थोडे दूध असते, आणि त्यापुढची जागा रिकामी असते. ती जागा भरण्याचा सर्वांत जवळचा आणि थोड्या खर्चाचा उपाय मंडईत व परसात उगवलेला आहे.

पुंगीच्या लायकीचे ठरविलेल्या त्या गाजराची योग्यता एकदा नीट पाहू. १८३१ साली वाकेनरोडर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने गाजरातून एक नारिंगी द्रव्य वेगळे काढले आणि गाजराच्या लॅटिन नावावरून त्यास कॅरोटिन हे नाव पडले. हे द्रव्य आपल्या शरीरात जाऊन अ जीवनसत्त्वात पालटते, हे टॉमस मूर याने १९३० साली इंग्लंडात सिद्ध केले. अ जीवनसत्त्व कमी पडले म्हणजे प्रथम संधिप्रकाशात दिसेनासे होते, ज्यास आपण रातांधळेपणा म्हणतो. पुढे बुबुळ कोरडे पडून डोळा कायमचा जातो. आणि गोवर व हगवण यांशी झगडण्याची मुलाची ताकदही घटते. कुपोषणामुळे येणाऱ्या अंधत्वाविरुद्ध आमच्या सरकारने १९७० साली अ जीवनसत्त्वाचे डोस पाजण्याची मोहीम सुरू केली, ती याच कारणाने. डोस अवश्य पाजावेत. पण जे द्रव्य लाल भोपळ्यात, गाजरात, पिकलेल्या पपईत व आंब्यात आहे, आणि मेथी, पालक, माठ, राजगिरा, अळू व शेवग्याचा पाला यांत हिरव्या रंगाआड दडलेले आहे, ते केवळ औषधाच्या चमच्यातूनच मुलास भेटावे, ही शेतकऱ्यांच्या देशास भूषणावह गोष्ट नाही. गाजर महाग झाले म्हणून खोळंबण्याचेही कारण नाही. आमच्या गावठाणातील शेवगा या बाबतीत गाजराच्या पंक्तीस बसतो, आणि चुन्याच्या व लोहाच्या बाबतीत त्याच्या पुढे जातो. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी: कॅरोटिन हे स्निग्ध पदार्थात विरघळणारे द्रव्य आहे. भाजी शिजवून, घोटून, तीत तूप किंवा तेल अर्धा चमचा घातले, तरच ते नीट अंगी लागते. वरणभातावर तुपाची धार सोडणारी आमची आजी रसायनशास्त्र शिकलेली नव्हती. पण तिचा हात बरोबर पडत होता.

अन्नाचे हे शास्त्र विलायतेतून आयात झालेला माल आहे, असे कोणी समजू नये. त्याचा एक मोठा अध्याय आमच्याच भूमीवर लिहिला गेला. निलगिरीतील कुन्नूर येथे १९१८ साली रॉबर्ट मॅकॅरिसन याने एका लहानशा खोलीत सुरू केलेल्या संशोधनातून पुढे राष्ट्रीय पोषण संस्था निर्माण झाली. १९५८ पासून ती हैदराबादेस आहे. मॅकॅरिसनने हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांतील लोकांचा आहार उंदरांस चारून पाहिला. गहू, दूध, लोणी, डाळ, ताजी भाजी व फळे असा पंजाबातील शीख कुटुंबांचा आहार ज्यांस मिळाला ते उंदीर धष्टपुष्ट झाले. सडलेला पांढरा तांदूळ आणि नावापुरती भाजी ज्यांच्या वाट्यास आली ते खुरटले. त्याच पंक्तीस त्याने गरीब इंग्रज मजुराचा आहार, म्हणजे पांढरा पाव, डब्यातील मांस आणि साखरेचा चहा, हाही ठेवला होता. त्यावरचे उंदीरही खुजे आणि चिडखोर निघाले. अमुक जात जन्मतः बळकट आणि अमुक दुबळी, हे गोऱ्या लेखकांचे आवडते मत, आणि आमच्यांतील कित्येकांनी मुकाट्याने पत्करलेलेही, या प्रयोगाने निकालात निघाले. फरक वंशात नव्हता, ताटात होता. वर्ध्यास मगनवाडीत असताना गांधीजींनी १९३५ च्या सुमारास पाल्याच्या भाज्यांविषयी आपल्या पत्रात कळकळीने लिहिले, त्यामागेही हीच दृष्टी होती. गरिबाच्या दारात फुकट उगवणारा पाला त्याच्या पोटात जावा, हा त्यांच्या ग्रामोद्धाराचा एक भाग होता.

आमचे पूर्वीचे राज्यकर्ते स्वतःच्या घरी काय करीत होते, हेही पाहण्यासारखे आहे. १९४० साली महायुद्धाच्या धामधुमीत इंग्लंडात शिधावाटप सुरू झाले. साखर, लोणी, मांस यांस कात्री लागली. तेव्हा तेथील अन्नखात्याने गाजराचा असा प्रचार मांडला की, मुलांकरिता गाजराचा डॉक्टर म्हणून एक चित्र काढून ते जागोजाग लावले. गाजरे खाल्ल्यामुळे आमच्या वैमानिकांस रात्री शत्रूची विमाने दिसतात, अशीही बातमी पसरविली गेली. खरे कारण रडार यंत्राचे होते आणि ते लपवावयाचे होते. बातमीत कपट असो. पण लहान मुलांस संत्र्याचा रस, माशाचे तेल आणि दूध पोहोचविण्याची व्यवस्था त्या सरकारने बॉम्ब पडत असताना केली, यात कपट नव्हते. त्याच सरकारच्या सत्तेखाली १९४३ साली बंगालात लाखो माणसे अन्नावाचून मेली. राज्य परक्याचे असले म्हणजे कोणाचे मूल आधी जेवते, याचा याहून ढळढळीत पुरावा नको. परंतु हा पुरावा आज आमच्याच विरुद्ध उभा राहतो. परके जाऊन कित्येक तपे लोटली. आता आमचे सरकार आमचे आहे, मंडई आमची आहे, चूल तर पहिल्यापासून आमचीच होती. मुले उपाशी राहण्याची फिर्याद आता कोणाच्या नावे गुदरावयाची?

पहिले समन्स घरावर निघते, म्हणून घराकडे वळू. मूल भाजी खात नाही, थुंकून टाकते, ही तक्रार प्रत्येक आईच्या तोंडी आहे. कडवट चव टाळावी आणि गोड चवीकडे धाव घ्यावी, ही बालकाची उपजत बुद्धी आहे; तीत त्याचा हट्ट नाही. पण जीभ शिकविता येते. तीच भाजी थोडी थोडी, जबरदस्ती न करता, निरनिराळ्या दिवशी आठ-दहा वेळा पुढे ठेवली म्हणजे बहुतेक मुले ती घेऊ लागतात, हे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. आमची घरे दुसऱ्या-तिसऱ्या वेळीच हार मानतात आणि बिस्किटाचा पुडा फोडतात. याहूनही विलक्षण गोष्ट अशी की, जिभेचे हे शिक्षण जन्माआधीच सुरू होते. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेत ज्युली मेनेला आणि सहकारी यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही स्त्रियांस गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत, तर काहींस अंगावर पाजण्याच्या काळात गाजराचा रस दिला. त्यांच्या मुलांस पुढे गाजराच्या चवीचे अन्न दिले तेव्हा, ज्या मुलांच्या आयांनी तो रस घेतला नव्हता त्यांच्या मानाने या मुलांनी तोंडे कमी वेडीवाकडी केली. इंग्लंडातील डरहॅम विद्यापीठाने २०२२ साली याहून पुढची गोष्ट दाखविली. सुमारे शंभर गरोदर स्त्रियांपैकी काहींस गाजराची भुकटी, तर काहींस केल नावाच्या कडवट पालेभाजीची भुकटी कुपीतून दिली आणि यंत्राने गर्भाची मुद्रा टिपली. गाजराच्या वेळी हसऱ्यासारखी आणि केलच्या वेळी रडव्यासारखी मुद्रा अधिक दिसली.

तेव्हा बाळाची वाटी आईच्या ताटापासून सुरू होते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? आणि आमच्या घरांत त्या ताटाची काय अवस्था आहे? आधी पुरुष जेवतात, मग मुलगे, मग मुली, सून शेवटी. तोपर्यंत कढईत भाजीच्या फोडी राहत नाहीत, तळाचा रस्सा तेवढा उरतो, आणि त्यात भाकरी बुडवून ती उठते. बाळंतिणीवर तर पथ्याच्या नावाखाली आणखी जप्ती येते: ही भाजी वातूळ, ती थंड, तिसरीने बाळास खोकला होईल. ज्या पाहणीचे आकडे वर दिले तिनेच महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांत शेकडा ५४.२ रक्तक्षयी सांगितल्या आहेत. पंक्तीचा हा क्रम बदलण्यास कायदा लागत नाही, पैसा लागत नाही. घरातील कर्त्या पुरुषाने एक दिवस भाजी आधी सुनेच्या ताटात वाढावयास सांगावी लागते. सभांतून स्त्रियांच्या उन्नतीवर बोलणाऱ्या आमच्या सुशिक्षित बंधूंनी आपल्या स्वयंपाकघरात हे केले आहे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

घरातील वडील बायकांच्या शंकांस मात्र आम्ही हसत नाही. त्यांत अनुभव आहे. कोवळ्या मुलास भाजीने बाधा होते, असे त्या म्हणतात. सहा महिन्यांच्या आत दिली तर खरोखरच होऊ शकते. काही भाज्यांतील, गाजरातीलसुद्धा, नायट्रेट नावाचे क्षार दोन-तीन महिन्यांच्या अर्भकाच्या रक्तास घातक ठरतात. म्हणून मुदत पाळावी. पुढे रीत सोपी आहे. हात, भांडी आणि भाजी स्वच्छ धुवावी. एका वेळी एकच नवी भाजी घ्यावी. गाजर, लाल भोपळा किंवा रताळे मऊ उकडावे आणि चमच्याने घोटून मऊभातात किंवा घट्ट वरणात मिसळावे. पालेभाजी बारीक चिरून डाळीबरोबर शिजवावी. पातळ पाण्यासारखे देऊ नये, चमच्यावर ठरेल इतके दाट असावे. आरंभी दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीन वेळा. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा, आणि घोटणे कमी कमी करीत जावे, म्हणजे मूल चावावयास शिकते. पहिल्या वर्षी वरून मीठ-साखर घालू नये. कच्च्या गाजराच्या चकत्या लहान मुलाच्या हाती कधीही देऊ नयेत, घशात अडकून जीव जातो. वरचेवर गाजर दिल्यामुळे कातडी किंचित पिवळसर दिसू लागली, तर घाबरू नये. डोळे पांढरे आहेत ना हे पाहावे. ते पांढरे असतील तर ती कावीळ नव्हे, आणि गाजर कमी करताच रंग उतरतो.

शहरांतील वाचकांस आणखी एक इशारा देणे जरूर आहे. सुबक डब्यातील शिशुआहार, त्यावरचे गोंडस चित्र, आणि भाज्यांची नावे छापलेली पुठ्ठ्याची पेटी पाहून पुष्कळ आईबापांस वाटते की, भाजीचे ऋण फिटले. दोन वर्षांच्या आतील मुलांकरिता असलेल्या शिशुआहाराची जाहिरात करणे १९९२ च्या कायद्याने मना आहे. त्या कायद्यास २००३ साली आणखी धार आणली गेली. डबे विकू नयेत असे हा कायदा म्हणत नाही. आईच्या दुधाची व घरच्या अन्नाची बदनामी करून ते विकू नयेत, असे म्हणतो. डब्यातील पीठ सोयीचे असेल. पण त्या एकसारख्या गोड पिठावर वाढलेली जीभ पुढे मेथीची भाजी पाहून तोंड फिरविते, यात नवल नाही.

दुसरे समन्स सरकारवर आहे. लोकांचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे आद्य कर्तव्य आहे, असे राज्यघटनेचे सत्तेचाळिसावे कलम सांगते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगाव पोहोचला. २००१ साली अन्नाच्या हक्काचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. ७ ऑक्टोबर २००४ च्या हुकुमात न्यायालयाने अंगणवाडीच्या आहारपुरवठ्यातून ठेकेदारांस दूर ठेवून गावातील मंडळे व महिलांचे गट यांच्याकडे ते काम द्यावे, असे बजावले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिन्यांवरील प्रत्येक बालकास अंगणवाडीतून वयास साजेसा आहार विनामूल्य मिळण्याचा हक्क दिला. आरंभी त्या कायद्याच्या परिशिष्टात केवळ उष्मांक व प्रथिने यांचीच मोजदाद होती; जानेवारी २०२३ मध्ये ते सुधारून स्निग्ध पदार्थ व सूक्ष्म पोषकद्रव्ये यांचीही मापे त्यात आली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण हे माप तीन वर्षांच्या आतील मुलापर्यंत बहुधा घरी न्यावयाच्या पाकिटाच्या रूपाने जाते, आणि पाकिटात जीवनसत्त्वाची भुकटी घालता येते, ताज्या भाजीची चव घालता येत नाही. प्राथमिक शाळेतील मुलाच्या मध्यान्ह भोजनात पन्नास ग्रॅम भाजी असावी, असा नियम आहे. जे मूल स्वतःच्या पायांनी शाळेत जाते त्याच्यासाठी भाजीचे वजन ठरले. जे अजून रांगते, त्याच्यासाठीही ते ठरावे, आणि अंगणवाडी सेविकेस ती भाजी रोज विकत घेण्यापुरती रक्कम वेळेवर हाती पडावी, ही आमची मागणी आहे. कायद्याच्या भाषेत मुलास अज्ञान म्हणतात. त्याच्या वतीने पालनकर्त्याने उभे राहावयाचे असते. जो पालनकर्ता तारखेस हजर राहत नाही, त्यास कोर्ट काढून टाकते. मतदारांनीही ही रीत शिकावी.

तिसरे समन्स आमच्या व्यापारी वाचकांवर आहे, आणि ते त्यांनी रागाने घेऊ नये. मोठ्या बाजारांत आवक वाढली की मेथीच्या जुड्या आणि कोबीचे गड्डे सायंकाळी उकिरड्यावर जातात, आणि त्याच पेठेच्या मागच्या वस्तीत मूल पेजेवर निजते. तीस मुलांची एक अंगणवाडी धरा. प्रत्येकास पन्नास ग्रॅम, म्हणजे दिवसास दीड किलो भाजी. किलोस चाळीस रुपये धरले तरी साठ रुपये, आणि महिन्याच्या पंचवीस दिवसांचे पंधराशे. एका पेठेतील पाच अडत्यांनी वाटून घेतले तर प्रत्येकी तीनशे. गणपतीच्या वर्गणीत ज्यांची नावे फलकावर झळकतात, त्यांस ही रक्कम जड नाही. सकाळच्या लिलावातील ताजी टोपली सेविकेच्या हाती पोहोचवावी. संध्याकाळची कोमेजलेली नव्हे. सरकारचे कर्तव्य यामुळे माफ होत नाही, हे आम्ही वर सांगितलेच आहे. परंतु सरकार जागे होईपर्यंत मूल वाढीची वर्षे राखून ठेवू शकत नाही. पहिल्या दोन वर्षांत गेलेली वाढ पुढे भरून काढणे फार कठीण, असे वैद्यकशास्त्राचे मत आहे.

ज्यांस पैसा देणे शक्य नाही, त्यांस बी देणे शक्य आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांस २०२० साली पद्मश्री मिळाली. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या बाईंनी वाल, घेवडा, पालेभाज्या आणि धान्ये यांची गावरान बियाणी घरात जपली आणि शेजारणीपाजारणींस वाटली. त्यांचे अनुकरण करावयास आमच्या शहरी भगिनींस एक तयार निमित्त आहे. भोगीच्या दिवशी गाजर, हरभरा, पावटा, वांगी घालून आपण मिश्र भाजी करतो. संक्रांतीच्या सुगडात गाजराचा तुकडा ठेवतो. आणि हळदीकुंकवास प्लास्टिकच्या डब्या लुटतो. येत्या संक्रांतीस वाण म्हणून माठ, मेथी, लाल भोपळा यांच्या बियांची पुडी, किंवा शेवग्याचे रोप लुटावे. ज्यांस परस नाही त्यांस खिडकीतील कुंडी पुरे.

आणि त्या हळदीकुंकवास विधवांसही बोलवावे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने २०२२ साली ग्रामसभेत ठराव करून विधवांवरील अनिष्ट प्रथा बंद केल्या. शहरांनी त्याच्या मागे राहणे शोभत नाही. शिवाय येथे तो केवळ मानापमानाचा प्रश्न उरत नाही. सून कामावर गेल्यावर ज्या आजीच्या मांडीवर बसून बाळ जेवते, ती आजी पुष्कळ घरांत विधवाच असते. बियांची पुडी आणि भाजी घोटण्याची रीत जिच्यापर्यंत आधी पोहोचावयास पाहिजे, तिलाच दाराबाहेर ठेवून हे कार्य सिद्धीस जाणार नाही.